बारीकशी शंका

डोंबिवलीतल्या प्रत्येक सोसायटीत एक सेक्रेटरी असतो, त्याच्यावर नाराज असलेला एक माजी सेक्रेटरी असतो आणि एक स्पेलिंगकाका असतात. पहिले दोघे निवडणुकीनं येतात-जातात. स्पेलिंगकाका तहहयात.

आमचे काका फोर्टातल्या एका विमा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. खिशात दोन पेनं. निळं स्वतःच्या सहीसाठी, लाल इतरांसाठी. समोरच्याची चूक दिसली की ते आधी चष्मा पुसतात, मग म्हणतात, "एक बारीकशी शंका होती." शंका त्यांना कधीच नसते.

नोटीसबोर्डाला काच लावून कुलूप घालावं लागलं ते काकांमुळेच. काका डगमगले नाहीत, त्यांनी मार्कर आणला. उद्या पाणी येणार नाही अशी इंग्रजी सूचना लागली होती. तिच्यात 'टुमॉरो'ला दोन एम आणि एक आर. काकांनी काचेवरूनच लाल गोल मारला. मार्कर निघाला पक्क्या शाईचा. सूचना बदलत गेल्या, गोल जागच्या जागी. सत्यनारायणाच्या आमंत्रणात तो 'तीर्थप्रसाद'भोवती आला, आणि मेंटेनन्स थकवणाऱ्यांच्या यादीत तिसऱ्या मजल्यावरच्या एकाच गृहस्थांच्या नावाभोवती. "बाकीचे सहा सोडून मलाच गोल का?" म्हणून ते गृहस्थ कमिटीच्या अंगावर धावून आले. काकांनी त्यांचा तक्रार अर्ज वाचायला मागून घेतला आणि त्यात चार चुका काढून दिल्या.

ही नजर फुकट आलेली नाही. काका पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या पिढीतले. आधी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, मग रेन अँड मार्टिन. 'नेसेसरी'त सी एक आणि एस दोन, हे तळहातावर छडी खाऊन पाठ झालेलं. 'नाइट'मधले जी आणि एच कशाला, असं त्यांना कुणी विचारलं की ते सांगतात, "पूर्वी तिकडे ती अक्षरं उच्चारायचे. उच्चार गेला, स्पेलिंग राहिलं." मग गप्प का बसलेत ते दोघे? "रिटायर झालेत. पण नाव पटावरच आहे." 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं तेव्हा काकांची प्रतिक्रिया एका ओळीची होती. "म्हणजे आता चुकासुद्धा पहिलीपासून."

संध्याकाळी फडके रोडवर ते फिरायला जातात म्हणजे पाट्या तपासायला जातात. आपल्या गावाच्या नावात रेल्वे व्हीनंतर ए घालत नाही आणि निम्मे दुकानदार घालतात, हे त्यांचं जुनं दुखणं. ठाण्याच्या स्पेलिंगचा शेवट ई-नं होतो, त्यामुळे परगावचे लोक 'थेन' वाचतात. रेल्वेच्या कोडात मात्र अजून टीएनए आहे, एवढाच त्यांना दिलासा. एका वह्या-पेनांच्या दुकानावर 'स्टेशनरी'त ई-च्या जागी ए होता. काका आत गेले. बारीकशी शंका होती.

"ए घातला की अर्थ होतो जागचं न हलणारं. एन्व्हलपचा ई लक्षात ठेवायचा, म्हणजे चुकत नाही."

"काका, हल्ली एन्व्हलप नेतं कोण? लग्नसराईत आहेराची पाकिटं जातात तेवढीच," दुकानदार म्हणाला. "आणि माल जागचा हलत नाही हे तर खरंच आहे."

काका दोन एन्व्हलपं विकत घेऊन बाहेर पडले.

एरवी त्यांना चुकवणारी माणसं गरज पडली की बरोबर त्यांचं दार वाजवतात. पत्रिकेची इंग्रजी बाजू, व्हिसाचा अर्ज, पोराचा बायोडेटा, सगळं त्यांच्या डोळ्यांखालून जातं. एकाच्या बायोडेटात 'असिस्टंट मॅनेजर'मधला एक ए गळला होता. जे उरलं तोही इंग्रजीतला रीतसर शब्द, त्यामुळे कॉम्प्युटरनं खाली लाल रेघ ओढली नव्हती. काकांनी पोराच्या वडिलांना बोलावून विचारलं, "चिरंजीव सहायक गव्हाण म्हणून लागलेत का?"

दुःखातही त्यांचा डोळा मिटत नाही, पण रीत ते पाळतात. ग्रुपवर एका शेजाऱ्यांच्या निधनाला पस्तीस जणांनी इंग्रजीत श्रद्धांजली वाहिली आणि त्यातल्या निम्म्यांनी आत्म्याऐवजी बुटाच्या तळव्याला शांती मागितली. काकांनी तेरावा होईपर्यंत कळ काढली. चौदाव्या दिवशी सकाळी सातला ग्रुपवर मेसेज आला. "एक बारीकशी शंका होती."

इंग्लंडात जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकारानं 2001 मध्ये अपॉस्ट्रॉफी प्रोटेक्शन सोसायटी काढली होती. अक्षरांच्या डोक्यावरचं ते टिंबुकलं लोकांनी नको तिथे टाकू नये, एवढंच तिचं काम. वयाच्या 96 व्या वर्षी, 2019 मध्ये, अडाणीपणा आणि आळस जिंकले असं म्हणत त्यांनी ती बंद केली. बातमी वाचून काकांनी दुपारचा चहा नाकारला. जानेवारी 2025 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवी प्रमाणपत्रांवर 'मुंबई'च्या स्पेलिंगमध्येच एक ए जास्त पडल्याचं छापून आलं, तेव्हा त्यांनी ट्रंकेतून स्वतःचं प्रमाणपत्र काढून भिंगाखाली धरलं. निर्दोष निघालं. काकू म्हणाल्या, "अहो, क्लास तेवढा वाढलाय का बघा."

आता गंमत अशी, की काकांना इंग्रजी बोलता येत नाही. स्टेशनवर एका दाक्षिणात्य तरुणानं त्यांना इंग्रजीत काही विचारलं. काकांनी मनात वाक्य जुळवलं, काळ तपासला, प्रिपोझिशन बदललं. तेवढ्यात त्या मुलाची गाडी निघून गेली. मग काका म्हणाले, "वो देखो, उधर से, ब्रिज के ऊपर." त्यांचा दोष नाही. कचेरीत साहेब ओरडायचे मराठीत आणि काका मसुदा करायचे इंग्रजीत. उभ्या नोकरीत इंग्रजी त्यांच्या हातातून गेलं, तोंडात यायचा प्रसंगच आला नाही.

घोडबंदर रोडला राहणारी नात याच्या नेमकी उलट. इंग्रजी फाडफाड बोलते आणि 'डेफिनेटली'त बिनदिक्कत ए घालते. काका तिचे मेसेज दुरुस्त करून परत पाठवतात, ती त्यावर अंगठा दाखवते. पण काकांचं पेन्शन अडकलं तेव्हा फोनवर झाडलं तिनं आणि अर्ज लिहिला काकांनी. दोघांचं मिळून एक इंग्रजी पुरं होतं.

गेल्या पावसाळ्यात गेटसमोरच्या गटाराचं झाकण गायब झालं. सेक्रेटरीनं तीनदा फोन केले, कुणी दाद देईना. शेवटी काकांनी पत्र लिहिलं. तीन परिच्छेद, एकही खाडाखोड नाही, शेवटी 'युअर्स फेथफुली' आणि त्यात अपॉस्ट्रॉफी नाही. आठवड्यात नवं झाकण बसलं आणि संबंधित कार्यालयाचं दिलगिरीचं इंग्रजी पत्रही आलं. सोसायटीनं पेढे वाटले. काका ते पत्र घेऊन घरी गेले आणि अर्ध्या तासात खाली आले. 'रिग्रेटेड'मधल्या एकुलत्या एक टी-भोवती लाल गोल होता, सोबत जोडपत्र आणि दुकानातून आणलेल्या त्या दोन एन्व्हलपांपैकी एक.

"काका, पाया पडतो," सेक्रेटरी म्हणाला, "हे पाठवू नका. ते झाकण काढून नेतील."

"नेऊ देत," काका पाकिटाला डिंक लावत म्हणाले. "अजून एक पाकीट आहे."