पुस्तक चांगलं आहे, पण पॉइंट्स नाहीत

इंजिनिअरिंगच्या पोरांची पुस्तकांबद्दलची मतं कोणी मनावर घेत नाही. घ्यायला हवीत. निगडी, आकुर्डी, पिंपरी, रावेत, ताथवडे या पट्ट्यात कॉलेजं इतकी दाट आहेत की एका कॉलेजच्या टपरीवर घेतलेला वडापाव संपेपर्यंत दुसऱ्याचं गेट येतं, आणि यातल्या बहुतेक कॉलेजांत कॉम्प्युटरच्या थर्ड इयरला ‘नेटवर्क्स’ आहे. म्हणजे त्याच तीन-चार पुस्तकांवर दर वर्षी एक अख्खी बॅच मत बनवते. मराठी कादंबरीच्या नशिबी इतके समीक्षक नाहीत, आणि असले तरी त्यांच्यात इतकं एकमत नाही. अँड्र्यू टॅननबॉमच्या ‘कॉम्प्युटर नेटवर्क्स’बद्दल निकाल असा: ‘चांगलं आहे, पण पॉइंट्स नाहीत.’ बेहरूझ फोरुझानबद्दल: ‘हे भारी, यात डायग्राम आहेत.’ कुरोस आणि रॉस या जोडगोळीबद्दल: ‘प्लेसमेंटच्या वेळी बघू.’ आणि अप्पा बळवंत चौकातून आणलेलं, सोडवलेल्या प्रश्नांसकट मिळणारं जे गाईड, ज्याला पोरं आदरानं ‘लोकल ऑथर’ म्हणतात, त्याच्याबद्दल मत असं काही नसतंच. तिथे फक्त श्रद्धा असते.

माझं म्हणणं असं की यातलं एकही मत पुस्तकाबद्दल नाही. ती सगळी प्रश्नपत्रिकेची समीक्षा आहे. पुस्तक बिचारं मध्ये सापडलं आहे. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये सत्राच्या मधली इन्सेम ३० मार्कांची आणि सत्राअखेरची एन्डसेम ७० ची. आता आठ मार्कांचा प्रश्न आला की पोरगा मनात पहिला हिशेब करतो तो आठ मुद्द्यांचा. टॅननबॉम मुद्दे देत नाही. तो बोलत बसतो. आधी एक अडचण मांडतो, तिच्यावरचा भाबडा उपाय सांगतो, तो कसा फसतो ते दाखवतो, मग दुसरा उपाय काढतो, वाटेत एखादी कोटी करतो. कोटीला मार्क नाहीत. फसलेल्या उपायालाही नाहीत. उरलं काय, तर पानाच्या तळाशी दोन ओळी, आणि त्या शोधायला पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या सुट्टीत, वेळ कोणाला? फोरुझानची जी स्तुती होते तिचाही उगम हाच: डायग्राम काढली की अर्धं पान भरतं आणि तपासणाऱ्याला लांबूनही दिसतं. म्हणजे निंदा आणि स्तुती दोन्ही एकाच फूटपट्टीनं मोजलेल्या. मत खरोखर पुस्तकाबद्दल असतं तर ते कॅलेंडर बघून बदललं नसतं. जे पुस्तक इन्सेमच्या आदल्या रात्री ‘बेक्कार’ असतं तेच ओरलच्या सकाळी ‘एकदा चाळायला पाहिजे होतं’ या पदाला चढतं, आणि कॅम्पस इंटरव्ह्यूत कोणी ‘ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबल्यावर काय काय होतं, सांगा’ असं विचारलं की एका दुपारीत ‘बेस्ट बुक’ होतं. मधल्या काळात पुस्तकाचं एक अक्षरही बदललेलं नसतं.

यावर पोरांची बाजू घेणारे म्हणतील की आक्षेप मार्कांचा नाहीच. पुस्तकं परक्या मुलखातली आहेत, उदाहरणं तिकडची, आणि सगळं थिअरी. थिअरीचं अंशतः मान्य. टॅननबॉमचा फिजिकल लेअर फूरिएपासून सुरू होतो, आणि गणिताचा एम-थ्री नुकताच कसाबसा काढलेल्या माणसाला दुसऱ्याच धड्यात फूरिए पुन्हा भेटवणं याला सौजन्य म्हणता येणार नाही. पण उदाहरणं? नेटवर्कमधला थर, म्हणजे लेअर, काय असतो हे सांगायला टॅननबॉमनं दोन तत्त्वज्ञ घेतले आहेत. एकाला उर्दू आणि इंग्रजी येतं, दुसऱ्याला चिनी आणि फ्रेंच. दोघे एकेक दुभाष्या ठेवतात, दुभाषे आपापसांत डच भाषा ठरवतात, त्यांच्याखाली निरोप पोचवणारे सेक्रेटरी, आणि एवढ्या यातायातीतून एका तत्त्वज्ञाचं सशांवरचं प्रेम दुसऱ्याला कळतं. ‘असं कुठे असतं का?’ असं पोरं म्हणतात. चाकणच्या कारखान्यांत असतं. जर्मनीतला इंजिनिअर मनात जर्मन ठेवून इंग्रजीत ईमेल लिहितो, पुण्याचा मॅनेजर ते इंग्रजीत वाचून सुपरवायझरला मराठीत सांगतो, सुपरवायझर ते कंत्राटी कामगाराला हिंदीत सांगतो, आणि तो कामगार शेजारच्या गाववाल्याला भोजपुरीत. बोल्ट मात्र बरोबर आवळला जातो. वरच्या थराला खालच्या थरात काय चाललंय ते ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नाही, हे नेटवर्कचे सात थर मांडणाऱ्या ओएसआय मॉडेलचं सगळं सार त्या एका बोल्टात आहे. पोरांना ते सात थरांच्या नावांत शोधायला लागतं, कारण पेपरात नावं विचारतात.

कुरोस-रॉसचं तर आणखी पुढे आहे. पॅकेटला, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याला, उशीर का होतो हे समजावताना त्यांनी दहा गाड्यांचा ताफा टोलनाक्यावर आणला आहे. नाके शंभर किलोमीटरवर, गाड्यांचा वेग ताशी शंभर, नाक्यावर एका गाडीला १२ सेकंद. म्हणजे नाका सोडायला २ मिनिटं, रस्त्याला एक तास, एकूण ६२ मिनिटं. पुणे-नाशिक रस्त्यावरून ये-जा करणारा पोरगा हे वाचून म्हणतो की उदाहरण अवास्तव आहे, आणि इथे मी पूर्णपणे त्याच्या बाजूचा आहे. या रस्त्यावर ताशी शंभर ही कल्पना फूरिएपेक्षा अवघड. पण तेच प्रकरण दोन-चार पानं पुढे नेलं की रांगेतला विलंब येतो, आणि तिथे ते पुस्तक आपल्यासाठीच लिहिल्यासारखं वाटायला लागतं. येणाऱ्या वाहतुकीचं बाहेर पडणाऱ्या क्षमतेशी जे प्रमाण, त्याला ते ट्रॅफिक इंटेन्सिटी म्हणतात. हे प्रमाण १ च्या जवळ सरकलं की विलंब भडकतो, आणि १ च्या वर राहिलं तर रांग वाढतच जाते. म्हणून जाळं बांधतानाच ते १ च्या वर जाणार नाही असं बांधा, असं लेखकद्वय बजावतं. चाकणच्या तळेगाव चौकाला हे कोणी वाचून दाखवलेलं दिसत नाही. एक पाळी सुटते, दुसरी भरते, कंपन्यांच्या बसेस, कंटेनर आणि दुचाक्या एकाच वेळी चौकात उतरतात, आणि भडकत्या विलंबाचा आलेख पुस्तकाशिवाय, तिकिटाशिवाय बघायला मिळतो. इंटरनेटचंही एकदा असंच झालं होतं. १९८६ च्या ऑक्टोबरात बर्कलीतल्या दोन संस्थांमध्ये, जेमतेम ३६५ मीटर अंतरावर, सेकंदाला ३२ हजार बिट्सचा वेग ४० बिट्सवर आला. त्यातून व्हॅन जेकबसननं १९८८ मध्ये जो उपाय मांडला तो आजही टीसीपी या इंटरनेटच्या प्रोटोकॉलच्या पोटात आहे: पॅकेट हरवलं की कोंडी आहे असं समजायचं, पाठवणाऱ्यानं आपणहून हात आखडता घ्यायचा, मग अंदाज घेत पुन्हा वाढवायचा. आपल्याकडे कोंडी दिसली की माणूस आधी हॉर्न वाजवतो आणि मग उलट्या बाजूनं गाडी घालतो. हे दोन प्रोटोकॉल शेजारी ठेवून तुलना करा, असा प्रश्न मी तरी कुठल्या पेपरात पाहिलेला नाही. ‘टीसीपी आणि यूडीपी यांतील फरक लिहा’ हा मात्र पोरांना झोपेतही येतो.

पोरांनी खरी तक्रार करण्याजोगी जागा वेगळीच आहे, आणि गंमत म्हणजे तिथे ती गप्प आहेत. साध्या जुन्या इथरनेटमध्ये दोन यंत्रं एकदम बोलली की टक्कर होते, मग दोघं मनाला येईल तितका वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करतात. ऑफिसात चालतं. वेल्डिंगच्या रोबोला मात्र ‘जरा थांब, किती ते सांगता येत नाही’ असं म्हणता येत नाही. तोवर गाडीची बॉडी पुढे निघून गेलेली असते. म्हणून १९८० च्या दशकात जनरल मोटर्सनं कारखान्यांसाठी टोकन बस नावाची पद्धत उचलून धरली. प्रत्येकाला ठरावीक क्रमानं बोलायची पाळी, म्हणजे जास्तीत जास्त किती थांबावं लागेल ते आधीच ठाऊक. आयईईईनं तिला ८०२.४ हा क्रमांक दिला आणि टॅननबॉमच्या जुन्या आवृत्त्यांत ती सविस्तर होती. पुढे पद्धत मागे पडली, पुस्तकातूनही गेली. १९८६ मध्येच बॉशनं गाड्यांसाठी कॅन बस पुढे आणली. तिच्यात दोन संदेश एकदम निघाले तर ज्याचा क्रमांक लहान तो पुढे जातो आणि दुसरा मुकाट मागे राहतो, टकरीत दोघांचं नुकसान होत नाही. पिंपरी आणि चाकणमधून बाहेर पडणाऱ्या गाड्यांच्या अंगात हे जाळं असतं, आणि गाड्यांच्या या राजधानीत शिकणाऱ्या पोराच्या नेटवर्कच्या पुस्तकात त्याला जवळजवळ जागा नसते. यावर खरं तर मोर्चा निघायला हवा. पण ‘पुस्तकात कॅन बस का नाही?’ ही तक्रार ऐकू येत नाही. तक्रार नेहमी जे जास्त आहे त्याची असते. जे नाही ते सिलॅबसमध्येही नाही, आणि सिलॅबसबाहेरच्या गोष्टीवर कोणी रागावत नाही. माझ्या म्हणण्याला याहून सज्जड पुरावा मला सापडत नाही.

राहिला भाषेचा मुद्दा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मराठी माध्यमातून किंवा डिप्लोमा करून आलेल्या पोराला आठशे-हजार पानांचं इंग्रजी गद्य म्हणजे खरीच दरी आहे. निगडीच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये २०२१ पासून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मराठीतून शिकवण्याची सोय झाली ती उगाच नाही. पण इंग्रजी नको म्हणून टॅननबॉम टाकणारा पोरगा जे गाईड घेतो तेही इंग्रजीतच असतं, आणि त्यातल्या इंग्रजीला क्रियापदांची सक्ती नसते. किमतीचंही तसंच: भारतीय आवृत्ती परवडत नसली तर जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळते, आणि तिथली प्रत उघडून बघावी. पहिल्या प्रकरणाच्या कडा अंगठ्यांनी काळ्या, पुढचं सगळं पुस्तक कोऱ्या करकरीत स्थितीत. ‘जुनं झालं’ या आक्षेपाला उत्तर एवढंच की टॅननबॉमची पहिली आवृत्ती १९८१ ची आणि पॅकेटं पोचवणाऱ्या आयपी या प्रोटोकॉलच्या चौथ्या आवृत्तीचा नियमही १९८१ चाच. ज्या मोबाइलवर ‘हे आउटडेटेड आहे रे’ असा मेसेज टाइप होतो, त्याची पॅकेटं अजूनही काही वेळा त्याच नियमानं जातात.

मग उपाय सरळ दिसतो: पुस्तक बदलू नका, प्रश्न बदला. ‘चाकणच्या तळेगाव चौकात पाळी सुटतानाची ट्रॅफिक इंटेन्सिटी काढा, आणि टीसीपीचा कुठला उपाय तिथे चालेल व कुठला चालणार नाही ते कारणांसह लिहा, ८ गुण.’ यावर कोणीही जाणता माणूस म्हणेल की पुढच्याच वर्षी हा प्रश्न लोकल ऑथरमध्ये सुटलेला असेल. असेल ना! आठ मुद्दे असतील, वर तीन चांदण्या असतील, आणि सोबत चौकाची डायग्राम असेल, जिच्यात प्रत्येक रस्त्यावर एकेक गाडी शिस्तीत उभी असेल. तरीही मी म्हणेन, विचारा. गाईड छापून येईपर्यंत जी एक बॅच मध्ये सापडेल, तिला पुस्तक उघडण्यावाचून गत्यंतर नाही. त्यानंतरचं मला दिसतंच आहे. रोज त्याच चौकातून येणारा एखादा पोरगा ‘प्रमाण १ च्या वर आहे, त्यामुळे सूत्र इथे लागूच होत नाही’ असं खरं उत्तर लिहील, आणि त्याचे दोन मार्क कापले जातील, कारण मॉडेल आन्सरमध्ये ०.८ आहे.