एक ॲक्टिव्ह, तीन पॅसिव्ह

दहावी झालेल्या मुलाला पुढे कोणती शाखा घेणार असं विचारा, तो खांदे उडवतो. 'फ्री फायर' या मोबाईल गेममध्ये अलोक नावाच्या पात्राच्या जोडीला कोण कोण लावायचं, असं विचारा. मग अर्धा तास तुमची सुटका नाही. मुद्दे, उपमुद्दे, संभाव्य आक्षेप आणि त्यांचं खंडन, सगळं तोंडपाठ. हल्लीच्या मुलांना तुलनात्मक अभ्यास जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा पार्किंगमधल्या कट्ट्यावर बसून पाहावं.

अडाणी पालकांसाठी हे शास्त्र थोडक्यात सांगतो. पन्नास जण बेटावर उतरतात, शेवटपर्यंत टिकतो तो जिंकतो आणि स्क्रीनवर 'बुयाह' झळकतं. प्रत्येक पात्राच्या अंगी एक कौशल्य असतं. त्यातून एक ॲक्टिव्ह आणि तीन पॅसिव्ह निवडून चौकडी जमवायची, तिचं नाव 'कॉम्बो'. ॲक्टिव्ह बटण दाबल्यावर चालतं, काही सेकंद झगमगतं आणि लगेच कूलडाऊनवर, म्हणजे सक्तीच्या विश्रांतीवर, जातं. पॅसिव्हला बटणच नसतं, ते मुकाट्याने आपलं काम करत राहतं. आमच्या सोसायटीचा कारभारही असाच चालतो. अध्यक्ष १५ ऑगस्टला झेंड्याची दोरी ओढून कूलडाऊनवर जातात, ते २६ जानेवारीला उगवतात. पाणी सोडणारे, कचरा उचलणारे आणि गेट उघडणारे पॅसिव्ह. चर्चा अर्थातच अध्यक्षांची.

उमेदवारही एकेक नमुनेदार आहेत. अलोक हा ब्राझीलचा खराखुरा डीजे. गेममध्ये तो भोवती एक वर्तुळ उमटवतो, त्यात उभं राहिलं की जीव भरतो आणि पायांना वेग येतो. वुकाँग चक्क झुडूप होतो. मॅक्सिमची ख्याती भराभर मशरूम खाण्याची. हायातोचा जीव जितका कमी उरेल, तितक्या त्याच्या गोळ्या चिलखत भेदतात. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्यांना हा फार जवळचा वाटतो. हृतिक रोशनवर बेतलेला जय २०२० साली आला. समोरचा आडवा झाला की जयच्या बंदुकीत काही गोळ्या आपोआप भरल्या जातात. मात्र त्यासाठी आधी कुणालातरी आडवं करावं लागतं, आणि आमच्या पुतण्याचं घोडं नेमकं तिथेच पेंड खातं.

"मी हरलो नाही काका, कॉम्बो चुकला."

"आणि गेल्या महिन्यातला?"

"तो भारी होता. पण नर्फ झाला ना!"

नर्फ होणं म्हणजे कंपनीने एखाद्या पात्राची ताकद कापणं. डिसेंबर २०२० मध्ये रोनाल्डोवर बेतलेला क्रोनो आला. त्याच्याभोवती असा घुमट उभा राहायचा की बाहेरची गोळी आत येत नसे, आतली मात्र बिनदिक्कत बाहेर जाई. इतका सोयीचा कायदा मंत्रालयातही होत नाही. जो तो क्रोनो लावू लागला. २०२१ मध्ये कंपनीने त्याला इतका कापला की कालच्या 'ओपी'ला, म्हणजे ओव्हरपॉवर्डला, आज कुणी विचारेना. खाऊचे पैसे साठवून डायमंड, म्हणजे गेममधलं चलन, घेणाऱ्यांना व्यवहारज्ञान मिळालं ते असं: पात्र आपलं, पण त्याची ताकद कंपनीची.

सर्वात मोठा नर्फ मात्र सरकारने केला. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी ५४ ॲपांवर बंदी आली, त्यात फ्री फायर होतं. सगळे कॉम्बो एका दमात पॅसिव्ह झाले. पोरं डगमगली नाहीत. त्याच अकाउंटने, बंदीतून सुटलेल्या 'फ्री फायर मॅक्स' या जुळ्या आवृत्तीत शिरली आणि चर्चा मागील पानावरून पुढे सुरू झाली. पुढे २०२३ मध्ये खास भारतासाठीच्या आवृत्तीची घोषणा झाली. धोनीला 'थाला' नावाचं पात्र करण्यात आलं, ५ सप्टेंबरचा मुहूर्तही निघाला आणि ऐन वेळी तो पुढे ढकलला गेला. बटण दाबण्याआधीच कूलडाऊनवर गेलेला हा बहुधा पहिलाच ॲक्टिव्ह.

तर सर्वोत्तम कॉम्बो कोणता? पुतण्याने सगळे लावून पाहिलेत. अलोक झाला, क्रोनो झाला, मशरूमही खाऊन झाले. अखेर कुणीतरी लॉरा सुचवली; स्कोपमधून पाहताना तिच्यामुळे नेम पक्का होतो म्हणे. ती लावल्यापासून खरोखरच फरक पडलाय. पूर्वी त्याच्या गोळ्या झाडाच्या आसपास जायच्या, आता बरोब्बर झाडालाच लागतात.