टिकल्यांचा बंदोबस्त

हलवून पाहाव्यात अशा गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत. नारळ हलवला की आतल्या पाण्याचा अंदाज येतो, औषधाची बाटली हलवली की तळाचा गाळ वर येतो, आणि भिशीचा डबा हलवला की चिठ्ठ्यांबरोबर आपलं नशीबही इकडचं तिकडे होतं. शेकर कार्ड हलवल्यानं मात्र काही कळत नाही आणि काही सुधारतही नाही. शुभेच्छापत्राच्या दर्शनी बाजूला एक गोल खिडकी, खिडकीला पारदर्शक तावदान आणि तावदानामागच्या चिमूटभर पोकळीत टिकल्या, मणी नि चमकी यांची दाटीवाटीची वस्ती. कार्ड हातात घेतलं की ही वस्ती एकदम उठते, सैरावैरा धावते आणि मग जणू काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं तळाशी जाऊन बसते. बस, इतकंच. आणि या इतक्याशासाठी चांगली चष्मा लागलेली, कर्जाचे हप्ते फेडणारी माणसं रविवारच्या दुपारी टेबलावर ओणवी होऊन बसतात. मीही त्यांतलीच एक.

सुरुवात ठशापासून होते. ठसा म्हटलं की आमच्या पिढीला अर्धा बटाटा आठवतो, नाहीतर भेंडीचं देठाकडचं टोक. ते रंगात बुडवून कागदावर टेकवलं की भाजीवाल्याच्या स्वप्नातही न आलेलं फूल उमलायचं. आताचे ठसे पारदर्शक फोटोपॉलिमरचे. ॲक्रिलिकच्या ठोकळ्याला ते आपसूक चिकटतात आणि आरपार दिसत असल्यामुळे चित्र नेमकं कुठे उमटणार हे आधीच कळतं. आयुष्यात एवढी सोय दुसरीकडे कुठे नाही. चित्रं मात्र बहुतेक सगळी बर्फाच्या मुलखातली: टोपी घातलेला पेंग्विन, मफलर गुंडाळलेला कोल्हा, हातमोजे चढवून निघालेलं अस्वल. पण पुण्यात जानेवारीच्या पहाटे स्वेटर, कानटोपी आणि वर शाल अशा थाटात फिरायला निघालेले आजोबा पाहिले की या मंडळींना परकं म्हणवत नाही. मग रंगकाम. अल्कोहोलच्या मार्करनं आधी फिका रंग द्यायचा, त्यावर गडद, आणि शाई ओली आहे तोवर पुन्हा फिका फिरवून दोघांमधली सीमा पुसून टाकायची. शाई कागदात मुरते, पाठीमागे उतरते आणि तिथे पेंग्विनाचं एक फिकट भूत उभं राहतं. पेंग्विनाच्या पोटावर सावली कुठून पडावी याचा मी जेवढा विचार केला आहे, तेवढा घर घेताना बाल्कनी पूर्वेला असावी की पश्चिमेला याचाही केला नव्हता.

खरी कसोटी पुढे असते. रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून हौसेनं आणलेल्या टिकल्या नुसत्या ठेवून भागत नाही, त्यांना अडकवावं लागतं. त्यासाठी खिडकीभोवती दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या पट्टीची तटबंदी उभारायची. पट्टी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड, पण कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली तरी वस्ती रातोरात पसार होते आणि पुढे कित्येक महिने कधी उशीच्या अभ्र्यावर, तर कधी घरातल्या कर्त्या पुरुषाच्या ऑफिसच्या शर्टावर चमकत राहते. त्यात प्लास्टिकच्या तावदानाला हात लागून लागून स्थिर वीज साठते. मग टिकल्या खाली उतरायचं नावच घेत नाहीत. एसटीच्या काचेला नाक लावून बसलेल्या पोरांसारख्या वरच चिकटून राहतात. यावर उपाय म्हणजे बाळाची पावडर. ती तावदानाला आतून आणि पट्टीच्या उघड्या कडांना हलकेच चोळली की वीजही शमते आणि गोंदही गप्प बसतो. वाटीच्या तळालाही न पुरणाऱ्या टिकल्यांसाठी एवढा बंदोबस्त! तालुक्याला मंत्री आले तरी इतका काटेकोर ठेवत नसतील.

गंमत अशी, की नाताळचं छापील शुभेच्छापत्र जन्माला आलं ते वेळ वाचवण्यासाठी. इंग्लंडात १८४० मध्ये एका पेनीत देशात कुठेही पत्र जाऊ लागलं. या सुधारणेसाठी खपलेल्यांपैकी एक होते हेन्री कोल, आणि तीनच वर्षांत ते स्वतःच नाताळच्या पत्रांच्या ढिगाखाली सापडले. टपाल स्वस्त झाल्यावर जो तो लिहू लागला, आणि उत्तर न देणं तर शिष्टाचाराला सोडून. तेव्हा १८४३ मध्ये कोलसाहेबांनी जॉन हॉर्सली या चित्रकार मित्राकडून एक चित्र काढून घेतलं, नावापुरती जागा मोकळी सोडून ते छापून आणलं आणि जास्तीच्या प्रती एका शिलिंगला एक या भावानं विकायला काढल्या. चार ओळी लिहिण्याचे कष्ट वाचावेत एवढीच त्यामागची युक्ती. आणि आज आम्ही त्याच चार ओळी टाळून अख्खी दुपार पेंग्विनाच्या पोटाला सावली देण्यात घालवतो. कोलसाहेबांनी वाचवलेला वेळ आम्ही चक्रवाढ व्याजानं फेडत आहोत.

पण असला आतबट्ट्याचा व्यवहार आमच्या घराण्याला नवा नाही. माझी मिरजेची आत्या दर संक्रांतीला तिळगुळाचं पत्र पाठवायची. पतंगाचं चित्र असलेलं छोटंसं कार्ड आणि सोबत कागदाच्या इवल्याशा पुडीत काटेरी हलव्याचे दाणे. हलवा घरचा. परातीत तीळ, खाली मंद शेगडी, वरून चमचाचमचा साखरेचा पाक, आणि बोटांनी अखंड हलवत राहायचं. घाई करावी तर काटा येत नाही, आच वाढवावी तर शुभ्रपणा जातो. असा बोटं पोळवून केलेला हलवा ती पोस्टाच्या स्वाधीन करायची, आणि पोस्टातलं कुणीतरी इमानेइतबारे नेमक्या पुडीवरच तारखेचा शिक्का हाणायचं. आमच्या हाती पाकीट येई तेव्हा निम्म्या दाण्यांची पिठीसाखर झालेली असे. तरीही ते फोडण्याआधी आम्ही भावंडं आळीपाळीनं हलवून कान देत असू. खुळखुळलं की दाणे शाबूत. आतलं वाक्य दरवर्षी तेच असल्यामुळे वाचायची घाई कुणालाच नसे. आत्याची खुशाली आम्ही वाचत नव्हतो, ऐकत होतो.

आता आत्या नव्वदीला टेकली आहे, हलवा दुकानातून येतो आणि पत्र पाठवायची पाळी माझ्यावर आली आहे. खिडकीत खरा हलवा भरण्यात अर्थ नव्हता. साखर दमट हवेत पाझरते आणि मुंग्यांना पत्ता विचारावा लागत नाही. म्हणून पांढरे मणी भरले, मध्ये एखादा केशरी. पतंगाचा ठसा काही मिळाला नाही, तेव्हा पतंग हातानं काढला आणि मांज्याचं टोक पेंग्विनाच्या पंखात दिलं. आत काय लिहावं यावर बराच वेळ पेन धरून बसले आणि अखेरीस आत्याचंच ते जुनं वाक्य लिहिलं.

पोचल्याचा फोन आला. आभार वगैरे मानण्याची आमच्याकडे पद्धत नाही. "कावळा सुरेख रंगवलायस," आत्या म्हणाली, "पण त्याला टोपी कशाला?" मी पेंग्विनाची बाजू मांडली नाही. कार्ड कसं हलवायचं ते मात्र समजावून सांगू लागले, तर तिनं मध्येच थांबवलं. "अगं, मला हलवावं लागतच नाही. हात आताशा कापतो ना, नुसतं धरलं तरी वाजतं." यावर काय बोलावं ते मला सुचेना, तिला मात्र पुष्कळ सुचत होतं. पुढच्या वर्षी मणी जरा मोठे घाल, तिनं बजावलं. शेजारच्या काकूंना ऐकायला कमी येतं, आणि त्यांना ते वाजवून दाखवल्याशिवाय तिला चैन पडणार नाही.