टाचणीने टोचलेले जीवनसत्त्व

ई जीवनसत्त्व हे तेलात विरघळणारे जीवनसत्त्व असून घरोघरी ते मुख्यतः टाचणीने टोचून काढले जाते. औषधाच्या दुकानातली हिरवी मऊ कॅप्सूल अंगठा आणि तर्जनीत धरायची, टोकाला टाचणी खुपसायची, आतला चिकट पिवळसर थेंब कोरफडीच्या गरात कालवायचा आणि झोपताना तोंडाला फासायचा, अशी ही पद्धत आहे. पहिला थेंब बहुधा आरशावर उडतो. उरलेल्यातला मोठा वाटा सकाळपर्यंत उशीच्या अभ्र्याला मिळतो. कॅप्सूल मुळात गिळण्यासाठी केलेली असते, ही बाब या सगळ्या व्यवहारात गौण मानली जाते.

शोध लागला तेव्हा चेहऱ्याचा विषयच नव्हता. १९२२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना दिसले, की ठरावीक कृत्रिम आहारावरच्या उंदरांच्या माद्या गाभण राहतात, पण गर्भ टिकत नाही. खाण्यात लेट्यूसची पाने घातल्यावर पिले जन्माला येऊ लागली. १९३६ मध्ये गव्हाच्या अंकुराच्या तेलातून हा पदार्थ वेगळा काढण्यात आला आणि प्रसूतीसाठीच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव टोकोफेरॉल पडले. बाळंतपणाच्या खात्यातून सौंदर्याच्या खात्यात त्याची बदली पुढे झाली, आणि ती बढती समजली जाते.

त्वचेतले त्याचे काम मात्र खरे आहे. दिवाळीचा चिवडा तुळशीच्या लग्नापर्यंत खवट का होतो, हे ज्याला कळले त्याला ते समजायला अवघड नाही. हवेतल्या प्राणवायूने तेलाचा एक रेणू बिघडतो, तो शेजारच्याला बिघडवतो आणि साखळी पुढे चालू राहते. पेशींची आवरणेही स्निग्ध रेणूंचीच असतात. ऊन लागले की त्वचेत फ्री रॅडिकल नावाचे अस्थिर रेणू तयार होतात आणि तीच साखळी तिथे सुरू होते. ई जीवनसत्त्व मध्ये पडून स्वतः बिघडते आणि साखळी तोडते. मग क जीवनसत्त्व त्याला पुन्हा कामावर उभे करते. खाद्यतेल आणि फरसाण टिकावे म्हणून कारखानदारही टोकोफेरॉल वापरतात. फरक इतकाच, की फरसाणाच्या पाकिटावर तेजस्वी कांतीचे आश्वासन नसते.

या जीवनसत्त्वाचे निसर्गात आठ प्रकार आहेत. यकृत त्यांतला अल्फा-टोकोफेरॉल तेवढा निवडून रक्तात सोडते, बाकीच्यांची बोळवण करते. तिथून तो त्वचेत येतो आणि चेहऱ्यावर तर तेलग्रंथींतून पाझरणाऱ्या तेलाबरोबर थेट पृष्ठभागावर पोचतो. म्हणजे तोंडावर ई जीवनसत्त्व लावण्याची सोय शरीराने आधीच, फुकट आणि टाचणीशिवाय केलेली आहे. सुशिक्षित माणूस हे तेल दिवसातून तीनदा ‘ऑइल-फ्री’ फेसवॉशने घासून काढतो आणि रात्री तेच जीवनसत्त्व विकत आणून परत चोपडतो.

परत चोपडलेले मात्र बहुधा तेच नसते. सुटे टोकोफेरॉल हवेत टिकत नाही, म्हणून कॅप्सूलमध्ये सहसा त्याचे अॅसिटेट भरतात. पोटात पाचक रस ते फोडून मूळ जीवनसत्त्व मोकळे करतात; त्वचेला हे काम सावकाश आणि अर्धवटच जमते.

व्रणांवरही ई लावतात, पण तिथला पुरावा आणखी अवघड आहे. मायामीत झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या १५ जणांच्या व्रणाच्या एका भागाला साधे मलम लावले, दुसऱ्याला ई मिसळलेले. ९० टक्के व्रणांत ई मुळे काही फरक पडला नाही किंवा व्रण जास्तच वाईट दिसला, आणि एक तृतीयांश लोकांच्या त्वचेला त्याचा दाह झाला. स्वित्झर्लंडमध्ये १९९२ मध्ये टोकोफेरॉलच्याच एका संयुगाच्या सौंदर्यप्रसाधनांनी सुमारे हजार जणांना पुरळ उठले होते. दुसऱ्या बाजूची नोंदही करायला हवी: १५ टक्के क आणि १ टक्का ई यांच्या द्रावणात अर्धा टक्का फेरुलिक आम्ल घातल्यावर उन्हापासूनचे संरक्षण चौपटीवरून सुमारे आठपटीवर गेले, असे २००५ साली दिसले. ती त्वचा डुकराची होती. जाहिरातीत छायाचित्र मात्र तिचे नसते.

प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १५ मिलिग्रॅम पुरतात, असे अमेरिकी मानक सांगते. मूठभर, म्हणजे २८ ग्रॅम बदामांत सात, तेवढ्याच शेंगदाण्यांत दोन आणि मोठा चमचाभर सूर्यफुलाच्या तेलात साडेपाचच्या आसपास मिलिग्रॅम मिळतात. करडईचे तेलही मागे नाही. मराठवाड्यातल्या जुन्या फोडण्यांनी हे काम कांतीचा उल्लेख न करता केले. चरबी नीट पचत नाही अशा आजारांत ई जीवनसत्त्वाची कमतरता होते. तेव्हा बिघाड दिसतो तो मज्जातंतूंत. माणसाचा तोल आणि चाल बिघडते.

कॅप्सूलवर मात्रा म्हणून छापलेला ४०० हा आकडा या हिशेबात कुठेच बसत नाही. मोठ्या मात्रेने रक्त गोठण्यात अडथळा येतो, म्हणून रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन घेणाऱ्यांना ती धोक्याची ठरते. सुमारे ३५ हजार पुरुषांवरच्या ‘सिलेक्ट’ चाचणीत रोज ४०० एकक घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला, असे २०११ मध्ये जाहीर झाले.

डॉक्टरांनी लिहून दिलेली कॅप्सूल जेवणाबरोबर, घोटभर पाण्याने गिळावी. जेवणात थोडे तेल-तूप असले की ती नीट शोषली जाते. टाचणी लागत नाही.