तंत्रस्नेही सरांस अनावृत पत्र

तीर्थस्वरूप, ज्ञानमहर्षी, तालुकाभूषण सर,

कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार. यंदाचा ‘तंत्रस्नेही शिक्षक’ पुरस्कार आपल्याला मिळाल्याचे कळले. ऊर भरून आला. मी गटसाधन केंद्रातली साधी फिरती विशेष शिक्षिका. आठवड्यातून एकदा आपल्या शाळेत येते आणि आपण उरलेल्या दिवसांत केलेले ज्ञानदान निस्तरत बसते. माझी नोकरी आपल्याच पुण्याईवर चालली आहे, तेव्हा आधी त्याबद्दल आभार.

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपण न चुकता नोट्स टाकता. वहीचे पान जरासे तिरके, खाली टेबलक्लॉथची नक्षी, कोपऱ्यात आपला अंगठा, आणि अशा फोटोंची मिळून एक पीडीएफ. आठवीतली आपली एक विद्यार्थिनी पूर्ण अंध आहे, हे हजेरी घेताना लक्षात आले असेलच. ती फोनवर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी टॉकबॅक ही सोय लावून पीडीएफ उघडते. फोन तिला पान क्रमांक सांगतो आणि गप्प होतो, कारण फोटोत त्याला वाचण्याजोगे अक्षरच सापडत नाही. इतक्या कोवळ्या वयात मौनाची साधना घडवणारे गुरू हल्ली दुर्मीळच.

मी विनंती केल्यावर आपण सगळे टाइप करून पाठवलेत. केवढे उपकार! टाइप मात्र केलेत जुन्या फॉन्टमध्ये. पडद्यावर सुबक मराठी दिसते, पण आत भरलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. आपल्याला ‘मोसमी वारे’ दिसतात. तिच्या कानावर इंग्रजी मुळाक्षरे, कंस आणि टक्क्यांची खूण आदळत राहते. अक्षर आतही मराठीच ठेवणारे युनिकोड अवघड असते म्हणावे, तर आपले रोजचे ‘सुप्रभात’ युनिकोडमध्येच असते आणि ते तिला स्वच्छ ऐकू येते. आपले सगळे सुविचार तिला पाठ आहेत. भूगोल तेवढा राहिला.

संगणकावर असे वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा प्रोग्रॅम ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली लिहायला घेतला. तो आजही फुकट मिळतो. फुकटची वस्तू शाळेच्या संगणकावर टाकण्यासाठीही आपण अनुदानाची वाट पाहता, ही आर्थिक शिस्त वाखाणण्यासारखी आहे.

आपले फळ्यावरचे गणित तर मागच्या बाकावर बसून ऐकावे. “हे इकडून इकडे आणलं, मग ह्याला ह्याने भागलं, की हे गेलं. आलं का लक्षात?” वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. ती मुलगीही म्हणते, कारण ‘नाही’ म्हटले की ‘मधल्या सुट्टीत ये, सांगतो’ हे उत्तर ठरलेले, आणि मधल्या सुट्टीत आपण शालेय पोषण आहाराच्या नोंदीत बुडालेले. काय कुठून निघाले, कशाने भागले आणि कोण गेले, याचा शोध आम्ही दोघी पुढच्या आठवड्यात घेतो.

पहिल्या बाकावर श्रवणयंत्र लावणारा मुलगा आहे. त्याला पुढे बसवलेत, हा आपला मोठेपणा. यंत्रातून निसटलेले शब्द तो आपल्या ओठांवरून टिपतो, आणि आपण सगळा तास फळ्याशी बोलता. त्याला दिसते आपली पाठ. इस्त्रीच्या घड्या त्याला तोंडपाठ आहेत. त्यांवर चाचणीत एखादा प्रश्न टाकावा, पोरगा पैकीच्या पैकी आणेल.

लहान तोंडी मोठा घास घेते. लिहिताना गप्प राहावे, मग वर्गाकडे वळून म्हणावे, “पाच एक्स उजवीकडे नेला, चिन्ह बदललं.” एवढ्याने दोघांचेही भागते. आणि खरे सांगू का, ‘हो’ म्हणून गप्प बसलेल्या बाकीच्या वर्गाचेही भागते. पण यात ना अ‍ॅप आहे ना प्रोजेक्टर, त्यामुळे पुरस्काराच्या दृष्टीने हे निरुपयोगीच म्हणा.

आपले व्हिडिओ म्हणजे मेजवानी. बासरी, तबला, गरगरत येणारी शीर्षके. त्या कोलाहलात आपला आवाज शोधावा लागतो आणि खाली एका ओळीची लिखित संहिता नसते. नकाशात जास्त पावसाचे जिल्हे हिरवे, कमी पावसाचे तांबडे. या दोन रंगांत गल्लत होणारी मुले वर्गात असू शकतात. त्यांच्यासाठी चार रेघा नि ठिपके काढून आपल्या रंगसंगतीला बाधा आणावी, असे मी कोणत्या तोंडाने सुचवू?

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते २१ झाले, हे आपण प्रत्येक बैठकीत घडाघडा सांगता. नव्याने आलेल्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. तशा एका मुलाला आपण रोज उभे करून प्रकट वाचन करायला लावता. सराव व्हावा म्हणून. हसण्याचा सराव वर्गाला चांगलाच झाला आहे. त्याच कायद्याचे कलम १६ सांगते की अंध आणि कर्णबधिर मुलांना त्यांना योग्य अशा भाषेतून आणि माध्यमातून शिकवावे. हे कलम मात्र बैठकीत राहून जाते. वेळ कमी असतो, चहा आलेला असतो.

मागच्या प्रशिक्षणात आपण समावेशक पाठनियोजनावर बोललात. अमेरिकेतल्या कास्ट या १९८४ साली निघालेल्या संस्थेचा ‘युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग’ हा आराखडा आपण मांडलात: शिकण्याची गोडी लावायचे, आशय समोर ठेवायचे आणि मुलाने समजलेले व्यक्त करायचे, या तिन्हींचे एकाहून अधिक मार्ग पाठ आखतानाच ठेवावेत. स्लाइड फिकट पिवळी होती, अक्षरे पांढरी. आपण ती वाचून दाखवली नाहीत. “वाचता येतंच सगळ्यांना,” म्हणालात आणि पुढे सरकलात. माझ्या शेजारी एक अंध सहकारी बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. फार सज्जन गृहस्थ.

परीक्षेत मात्र आपला हात सढळ असतो. लेखनिक द्या, तासाला वीस मिनिटे जादा द्या, आकृतीचे प्रश्न गाळा. ‘सवलती सगळ्या देतो हो आम्ही,’ हे आपले पालुपद. सवलत हा या मुलांचा हक्कच आहे, ती दिलीत हे बरेच केलेत. पण वर्षभर जे पोहोचलेच नाही, ते उतरवायला तासामागे वीस मिनिटे जादा मिळाली म्हणून त्या अंध मुलीने नेमके काय लिहावे, हे आपणच एकदा समजावून सांगा. वर्गाकडे तोंड करून.

येत्या सोमवारी आपण आठवीला चौकोनांची रचना घेणार आहात. कोणती बाजू किती, कोणता कोन किती आणि कोणता बिंदू कोणाला जोडायचा, एवढे युनिकोडमध्ये टाइप करून शनिवारी ग्रुपवर टाकावे. आकृतीवर दोरा चिकटवून ती बोटांना कळेल अशी मी करून आणते. शाल-श्रीफळाची व्यवस्था माझ्याकडून होणार नाही.

आपली कृपाभिलाषी,
फिरती विशेष शिक्षिका