सौनाचार्य

हेलसिंकीला खेटून असलेल्या एस्पू शहरात संगणकाच्या नोकरीपायी स्थिरावलेली मराठी कुटुंबं आता थोडीथोडकी नाहीत. पहिली काही वर्षं भाड्याच्या घरात जातात, मुलं शाळेत रुळली की कर्ज काढून रांगेतलं एखादं घर घेतलं जातं, आणि त्या घराबरोबर न मागता एक लाकडी खोली पदरात पडते, वाफ घ्यायची सौना. सुमारे छप्पन्न लाख वस्तीच्या फिनलंडमध्ये सौना तीस लाखांच्या घरात आहेत, तेव्हा ती टाळायची म्हटली तरी टळत नाही. बहुतेक कुटुंबं तिचा मान राखून तिची अडगळीची खोली करतात. वरच्या बाकावर सुटकेसा, खालच्या बाकावर गणपतीचं थर्माकोलचं मखर, कोपऱ्यात मिक्सरचं खोकं. यात लाजण्यासारखं काही नाही, फिनिश लोकही फ्लॅटमधल्या सौनाचं हेच करतात. पण दहातला एखादा गृहस्थ असा निघतो की गृहप्रवेशानंतर महिन्याभरात तो जाहीर करतो, ‘आधीच्या मालकाने लावलेला हीटर चुकीचा आहे.’ त्या क्षणी सौनाचार्याचा जन्म होतो. लोक म्हणतात, त्याला सौनाचं वेड लागलं. मला हे निदान साफ चुकीचं वाटतं. त्याला घामाची ओढ नाही, वाफेची तर त्याहून नाही. त्याला वेड आहे ते निवडण्याचं, आणि सौनाचा हीटर ही वस्तूच अशी आहे की निवडायला बसलं तर माणूस आयुष्यभर निवडत राहू शकतो.

पुरावा म्हणून त्याचा तक्ता पाहावा. तक्ता संगणकावर असतो, त्याला रंग दिलेले असतात, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो चहाच्या आधी दाखवला जातो. हिशोब मुळात सोपा आहे. खोलीच्या दर घनमीटरला साधारण एक किलोवॉट. दोन मीटर लांब, एक मीटर ऐंशी सेंटिमीटर रुंद आणि दोन मीटर दहा उंच अशी खोली साडेसात घनमीटरची, म्हणजे आठ घनमीटरपर्यंतच्या खोल्यांसाठीचा सहा किलोवॉटचा हीटर तिला चालावा. सामान्य माणूस इथे दुकानात जातो. सौनाचार्य इथे सुरू होतो. दार काचेचं आहे ना! काच, वीट, फरशी अशा उष्णता खाणाऱ्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे हिशोबात आणखी सव्वा घनमीटर धरावा लागतो. दार सव्वा चौरस मीटरहून थोडं मोठं, म्हणजे दीड घनमीटर वाढला, खोली कागदावर नऊ घनमीटरची झाली, आणि माणूस सहा किलोवॉटच्या पंगतीतून उठून नऊ किलोवॉटच्या पंगतीत जाऊन बसला. सहा किलोवॉटला तीन फेजवर दहा अँपिअरचे फ्यूज पुरतात, नवाला सोळाचे लागतात, वायरही जाड हवी. भिंतीतली वायर किती जाड आहे हे पाहायला वायरमन येतो, तो नुसतं पाहण्याचेही पैसे घेतो, आणि एका काचेच्या दारापायी घरात तीन आठवडे चर्चा चालते. दार लाकडी बसवलं तर? तक्त्याला नवीन रकाना जोडला जातो.

पण किलोवॉट हा नुसता उंबरठा. खरा खेळ दगडांचा. विजेच्या हीटरवर रचलेले दगड तापतात, त्यांच्यावर पळीने पाणी टाकायचं, आणि जी वाफ उठते, जिला तिकडे लोय्ल्यू म्हणतात, तिच्यासाठी हा सगळा थाट. वीस किलो दगडांचा हीटर पाऊण तासात तयार होतो, पण दोन-चार पळ्या पाणी पडलं की दमतो. शंभर किलोंचा जाळीदार मनोरा घेतला तर वाफ मऊ आणि लांब येते, पण तो तापायला तासावर वेळ लागतो आणि तोवर मुलं झोपलेली असतात. सौनाचार्याला दोन्ही पटतात, म्हणून तो दोन्ही घेत नाही. दगड मात्र तो आधीच आणून ठेवतो. ऑलिव्हीन डायाबेस की पेरिडोटाइट, फोडलेले की गोटे, पाच सेंटिमीटरचे की दहाचे, यावर त्याची मतं ठाम आणि दर महिन्याला वेगळी असतात. रविवारी सकाळी न्हाणीघरात बसून तो ते धुतो. देवगडची पेटी फोडल्यावर जाणत्या घरातलं माणूस एकेक आंबा फिरवून हुंगून बाजूला ठेवतं, त्या भक्तीने तो एकेक दगड उलटासुलटा करून पाहतो, नखाने खरवडतो, कानाशी नेऊन दुसऱ्या दगडावर हलकेच आपटतो. मग जुन्या हीटरवर रचणं. मोठे तळाशी, लहान वर, ठासून भरायचे नाहीत कारण हवा खेळली पाहिजे, पण गज उघडे पडता कामा नयेत कारण उघडा गज जळतो आणि आगही लावतो. दगडाचा भार गजांवर येऊ द्यायचा नाही, ते वाकतात. रचून झालं की तो दोन पावलं मागे जातो, डोकं तिरकं करतो, आणि सगळं पुन्हा उतरवतो. या दोन तासांत हीटर सुरू झालेला नसतो, हे नजरेआड करू नये.

यावर कोणी म्हणेल, ‘अहो, विजेचं काम आहे, नव्वद अंशांचा मामला आहे, अभ्यास करून घेतलं तर बिघडलं कुठे?’ आक्षेप रास्त आहे, आणि अर्धा मला मान्यही आहे. हीटर खोलीपेक्षा लहान पडला तर तो तासन्‌तास कण्हत राहतो. फार मोठा झाला तर हवा झटकन तापते, थर्मोस्टॅट वीज तोडतो, दगड मात्र कोमटच राहतात, आणि त्यांच्यावर टाकलेलं पाणी वाफ न होता खाली गळतं. लाकडापासून किती अंतर ठेवायचं, छताजवळचा सेन्सर कुठे बसवायचा, हे कंपनीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं आणि ते पाळलंच पाहिजे. जोडणी परवानाधारक वायरमननेच करायची असते, तिथे हौशीला जागा नाही. पण हे सगळं पुस्तिकेच्या दोन पानांत संपतं. खोली मोजा, दार धरा, यादीतला आकडा बघा, वायरमनला फोन करा. पुढचे सात-आठ महिने कशात जातात, हा माझा प्रश्न आहे. शिवाय सुरक्षिततेचाच मुद्दा असेल, तर फिनलंडमध्ये घरगुती सौनाला आग लागण्याचं एक नेहमीचं कारण किलोवॉट चुकणं हे नाही. सौनात ठेवलेलं सामान, हीटरवर वाळत घातलेले कपडे, आणि चुकून फिरलेलं बटण, हे ते कारण आहे. सौनाचार्याच्या तक्त्यात छत्तीस रकाने असतील, पण त्यात थर्माकोलचं मखर नाही. ते अजून खालच्या बाकावरच आहे, कारण हीटर अजून ठरलेला नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. मोठी खरेदी आहे, विजेचं बिल येणार, विचार नको का? हवा ना. सौनाची एक बैठक आठ-नऊ युनिटं खाते, साध्या दराने एक युरोच्या आसपास. पण सौनाचार्य सतत बदलणाऱ्या बाजारभावाची वीज घेतो, कारण तिथेही निवडायला मिळतं. शुक्रवार, 24 नोव्हेंबर 2023 रोजी वीजबाजारात एका कंपनीच्या चुकीच्या बोलीमुळे फिनलंडमधला भाव शून्याच्या खाली घसरून युनिटला उणे पन्नास सेंटपर्यंत गेला, म्हणजे वहनखर्च आणि कर वजा करूनही वीज वापरणाऱ्याच्याच पदरात पैसे पडत होते. पुढे 5 जानेवारी 2024 ला, तोही शुक्रवारच, कडाक्याच्या थंडीत संध्याकाळचा भाव दोन युरोंच्या वर चढला. पहिल्या शुक्रवारी शेजारच्या फिनिश गृहस्थाने सौना तापवला. दुसऱ्या शुक्रवारी त्याने तो बंद ठेवला आणि तो लवकर झोपला. सौनाचार्याने दोन्ही शुक्रवारी आलेख काढला.

‘फिनिश लोक तरी कुठे कमी आहेत?’ हा आक्षेप सर्वांत वजनदार. खरंच, दगडांवरून आणि बाकाच्या उंचीवरून ते इतकं बोलतात की एरवी अबोल म्हणून झालेली त्यांची ख्याती खोटी वाटावी. बसल्यावर पाय दगडांच्या वरच्या पातळीहून उंच असले पाहिजेत, हे तत्त्व ते धर्मशास्त्रासारखं सांगतात. लाकडावर तापणाऱ्या सौनाचे निष्ठावंत विजेच्या हीटरला सौना मानायलाच तयार नसतात. वेडेपणाही त्यांनी करून पाहिला आहे. हेइनोला गावात 1999 पासून 110 अंशांत कोण जास्त वेळ टिकतो याच्या स्पर्धा भरत, 2010 च्या अंतिम फेरीत एक स्पर्धक दगावला आणि त्या कायमच्या बंद झाल्या. पण फरक इथे आहे की त्यांचा वाद बाकावर बसून चालतो. हीटर दहा-पंधरा वर्षांतून एकदा बदलायचा, दगड वर्षातून एकदा उतरवून भुगा काढायचा, बाकी दर शनिवारी आत जायचं. डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोने आपल्या वारसायादीत घेतली ती फिनलंडची सौना-संस्कृती, कुठल्या हीटरचं नाव त्या यादीत नाही. शेजारच्या गृहस्थाला ‘तुमचा हीटर किती किलोवॉटचा?’ असं विचारलं तर तो जरा विचारात पडतो आणि म्हणतो, ‘चांगला आहे.’ सौनाचार्य हे उत्तर तक्त्यात कुठल्या रकान्यात घालावं या चिंतेत घरी येतो. माझ्या मते संपूर्ण चौकशीतली उपयोगाची माहिती तेवढीच होती. वाफ मऊ आहे की बोचरी, हे अंगाला कळतं, आणि दुकानात मांडलेले हीटर सगळेच्या सगळे थंड असतात.

शेवटचं अस्त्र आरोग्याचं. पूर्व फिनलंडमधल्या 2,315 मध्यमवयीन पुरुषांचा वीसेक वर्षांचा अभ्यास 2015 साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. आठवड्यातून एकदा सौना घेणाऱ्यांपेक्षा चार ते सात वेळा घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक येणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण बरंच कमी आढळलं. सौनाचार्य हा निबंध छापून जवळ बाळगतो आणि सासरेबुवांना दूरध्वनीवर वाचून दाखवतो. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, मुळात धडधाकट माणूसच जास्त वेळा सौनात जात असेल ही शंका उरतेच, पण ती बाजूला ठेवू. फायदा झाला असेल तर तो आत बसणाऱ्यांना. बाहेर उभं राहून बसण्याची तयारी करणाऱ्यांचा गट त्या अभ्यासात नव्हता.

सौनाचार्याच्या घरात त्या खोलीचा खरा उपयोग कोणी केला असेल तर बाईसाहेबांनी. उणे वीसमध्ये डोशाचं पीठ आंबत नाही, म्हणून त्या आतलं सामान बाहेर काढून जुना ‘चुकीचा’ हीटर दहा मिनिटं लावतात, बंद करतात, आणि मगच पातेलं वरच्या बाकावर ठेवतात. पीठ उत्तम फुगतं. सौनाचार्याने तिथलं तापमान मोजून ठेवलं आहे. हीटरचं म्हणाल तर आता जवळजवळ ठरलंय, सहा की नऊ एवढंच राहिलंय. दरम्यान सौनानंतर गार पाण्यात उतरण्यासाठी अंगणात लाकडी पिंप ठेवावं असं त्याच्या मनात आलं आहे. लार्चचं की सिडारचं, याचा तक्ता त्याने कालच उघडला.