मागील बाजूची फिर्याद

माझा कान तयार आहे, असा माझा फार जुना समज आहे. आणि ज्या समजाविरुद्ध इतक्या वर्षांत कोणी लेखी हरकत नोंदवलेली नाही तो वहिवाटीने कायम होतो, या न्यायाने मी त्याचा निर्वेध उपभोग घेत आलो आहे. त्यामुळे माझ्या १९८४ सालच्या पद्मिनीच्या पार्श्वभागातून एक अपरिचित ध्वनी निघू लागला तेव्हा, इतर गाडीवाल्यांच्या पोटात जो गोळा उठतो तो माझ्या पोटात न उठता, एखाद्या खासगी बैठकीचे निमंत्रण यावे तसा मी हरखलो, काचा वर केल्या आणि डोळे किंचित मिटले. त्याबद्दल स्वारगेटच्या चौकात एका रिक्षावाल्याने माझा जो उद्धार केला तोही लयीला धरून होता, एवढेच येथे नमूद करतो.

पुढचा आवाज सरळमार्गी असतो. बॉनेट उघडले की तो मुद्देमालासह सापडतो. मागच्याचे तसे नाही. पद्मिनीचे इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांवर, त्यामुळे गाडीच्या पोटाखालून गेलेल्या लांब शाफ्टाच्या टोकाला एक स्वतंत्र संस्थानच नांदत असते: शाफ्टाचे क्रॉस, डिफरन्शियलमधले क्राउन-पिनियन, चाकांची बेअरिंगे, पाटे, पाट्यांचे शॅकल, शॅकलमधले रबरी बुश, शिवाय सायलेन्सर लोंबता ठेवणारी रबरे. यांपैकी कोणीही ओरडले तरी तो आवाज डिकीच्या पोकळ पत्र्यात असा घुमतो की उजवीकडचा आरोपी डावीकडे हजर होतो.

तथापि तपासाचे काही कायदे आहेत, आणि ते मला तोंडपाठ आहेत. गाडी जागेवर उभी करून इंजिन रेटले असता आवाज निघाला, तर चाकांची निर्दोष मुक्तता होते. चालताना येणारी घरघर उजव्या वळणावर वाढली, तर भार डाव्या चाकावर पडतो म्हणून समन्स डाव्या बेअरिंगवर बजावावे. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, हे क्राउन-पिनियनचे लक्षण. गाडी उचलताना एकच ‘टक्’, तर क्रॉस. माझा ध्वनी मात्र यांपैकी कोणत्याही कलमात बसेना. तो मंद होता, सानुनासिक होता, आणि मूळ स्वराच्या वर आणखी एक बारीक झंकार धरून होता. मी निकाल दिला: जवारी.

येथे जवारीविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. तोवर गाडी रस्त्याच्या कडेला थांबेल, तिला त्याची सवय आहे. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा अगदी सपाट नसतो, तो अत्यल्प उतार देऊन घासलेला असतो. तार आणि तो माथा यांच्यामध्ये सुताचा एक धागा घालतात, आणि तो धागा केसभर पुढे, केसभर मागे असा सरकवीत असता एका विवक्षित जागी तार घोडीला निसटता स्पर्श करू लागते, आणि क्षणापूर्वी कोरडा, मुका वाटणारा स्वर आपल्या साऱ्या उपस्वरांनिशी उमलून येतो. ती जागा डोळ्यांना दिसत नाही. मिरजेचे कारागीर घोडी घासतात, तार छेडतात, मान हलवतात आणि पुन्हा घासतात. ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले त्या गावात याहून कमी चालण्यासारखेही नाही. २०२४ साली तेथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा पेढे मी वाटले, वास्तविक माझा त्यात काडीचा संबंध नसताना. आता सुज्ञांनी विचार करावा, की एक वस्तू दुसरीला निसटती घासते म्हणून आपण मिरजेत पैसे मोजतो, आणि तीच क्रिया गाडीखाली घडली की ती बंद करवण्यासाठी पुन्हा पैसे मोजतो! या विषयावर मी एक स्वतंत्र प्रबंध लिहू शकेन, आणि तो न लिहिण्याबद्दल मला घरातून वेळोवेळी उत्तेजनही मिळालेले आहे.

घरातून म्हणजे सौभाग्यवतींकडून. पुढची डावी काच अर्ध्यावर अडकल्यापासून त्या पावसाच्या भयाने मागे बसतात, सबब प्रस्तुत प्रकरणी प्रत्यक्ष साक्षीदार त्या एकट्याच. त्यांची जबानी त्रोटक होती: “अहो, जवारीबिवारी काही नाही. खड्ड्यात करकरतंय. फक्त खड्ड्यात.” मी ती दप्तरी दाखल करून घेतली.

प्रथम एका चकचकीत सर्व्हिस स्टेशनात गेलो. तेथल्या टाय लावलेल्या तरुणाने गाडीत न बसता, दार न उघडता, “सर, जुनी गाडी आहे, आवाज राहणारच,” असे सांगितले आणि तेच कार्डावर लिहिले. या वाक्याचा मला जो संताप आला तो गाडीपुरता नव्हता. ही पद्मिनी वडिलांनी पैसे भरून, नंबर लावून, वाट पाहून घेतलेली. अखेरच्या वर्षी त्यांना जिना चढताना धाप लागे, तेव्हा ज्यांच्याकडे त्यांना नेले त्यांनी “वयोमानाने व्हायचंच” असे म्हटले होते, आणि ते म्हणताना स्टेथोस्कोप त्यांच्या गळ्यातच राहिला होता. वडिलांनी नमस्कार केला आणि सदऱ्याची सोडून ठेवलेली गुंडी पुन्हा लावली. ती गुंडी मला अजून दिसते.

असो. शेवटी गल्लीतला मिस्त्रीच गाठला. त्याने चहा संपवला आणि विचारले, “आवाज वेग धरतो का खड्डा?” मी घसा साफ करीपर्यंत मागून उत्तर गेले, “खड्डा.” त्याने दोन पोरांना मागच्या बंपरवर उभे करून नाचायला सांगितले, स्वतः पोत्यावर उताणा होऊन गाडीखाली सरकला आणि तळहात एकेका शॅकलवर ठेवीत गेला. मग त्याने पाण्याची बाटली मागितली आणि डाव्या शॅकलवर धार सोडली. करकर थांबली. पाणी निथळले, पोरे पुन्हा नाचली, करकर परतली. “हाच,” असे म्हणून त्याने पाना लावला. बाहेर आलेला बुश त्याने माझ्या हातावर ठेवला. रबर कडक पडून एका अंगाने इतके झिजले होते की गोल भोकाचा लंबगोल झाला होता, आणि त्या झिजल्या बाजूने पिन लोखंडाला चाटत होती.

चाटत होती! म्हणजे निसटता स्पर्श. म्हणजे तत्त्वतः जवारीच. मी सौभाग्यवतींकडे पाहिले. त्या समोरच्या दुकानाची पाटी वाचीत होत्या. तेव्हा मी गाडीखालून बाहेर आलेल्या दोन पायांना उद्देशून घोडी, तिचा उतार आणि सुताचा धागा यांची संगती लावून देण्यास प्रारंभ केला. मी धाग्यापर्यंत पोहोचलो असेन नसेन, तोच खालून आवाज आला, “साहेब, जरा ती टॉमी द्या.”

मी टॉमी दिली, आणि व्यत्यय आल्यामुळे मिरजेपासून पुन्हा सुरुवात केली.